गुळाचा चहा दर वेळी फाटूलाय, आणि रक्ताच्या गोळीबरोबर चालतो काय? मदत हवी

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरकडचे. घरात साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केलाय, सासूबाई म्हणतात गुळानं रक्त वाढतं आणि माझं हिमोग्लोबिन कायम कमी, शिवाय मामंजींना शुगर, त्यांना पण गुळाचा चालतो म्हणे. पण जमेनाच बघा. पाण्यात पावडर, आलं, गूळ, उकळी आली की दूध, वर येईपर्यंत सगळं बरोबर आणि मग एकदम कडेनं पिवळट पाणी सुटतं न वर कण कण. दूध म्हशीचं, सकाळचं ताजं, नुसतं तापवलं तर काही होत नाही. स्टँडजवळच्या गाड्यावर मात्र तोच चहा झकास मिळतो, ते काय करतात काय की!

दुसरं म्हणजे डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. मेडिकलवाल्यानं कन्नडमधनं 'ऊटा आद मेले', म्हणजे जेवण झाल्यावर, असं सांगितलं, आणि आमच्यात जेवणावर अर्धा कप चहा ठरलेला, मग गोळी त्याच्याबरोबरच जाते. चालेल काय? कोण म्हणतं चालतं, कोण म्हणतं गोळी फुकट. सांगा की कुणीतरी.

निपाणीकर:
ताई, गुळानंच फाटतंय. गूळ जरासा आंबट असतो, दुधाबरोबर उकळला की पनीर करताना लिंबू पिळल्यासारखं होतं. आलं ठेचून आधी नुसत्या पाण्यात चांगलं खळखळू द्या, कच्च्या आल्यानं पण दूध नासतं, उकळलं की त्याचा जोर जातो. मग पावडर, मग दूध, उकळी आली की गॅस बंद. भांडं खाली घेऊन जरा दम धरा, मग किसलेला गूळ टाका, ढवळा, गाळा. परत गॅसवर ठेवलात की गेला! गाड्यावाले बरेचजण गुळाचं कोरं पाणी वेगळं ठेवतात न दूध कपात वरून घालतात. आणि पिवळाधमक गूळ बघून भुलू नका, काळपटच बरा.

आरोग्यसेविका:
गोळी चहाबरोबर अजिबात नको. चहातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोहाला धरून ठेवतं, ते अंगाला नीट लागत नाही, दुधानं पण अडतंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळा. लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतली तर उलट चांगली लागते. गुळात लोह असतं, नाही असं नाही, पण कपभर चहात पडतो चमचाभर, त्यावर हिमोग्लोबिन काय वाढणार? आणि तो पण चहातच! मामंजींचं म्हणाल तर गूळ म्हणजे साखरच, रक्तातली शुगर तशीच वाढते, त्यांना बिनगोडाचा द्या. बाकी चहा सोडायची गरज नाही, त्याच सूचनांत कॅफिन दिवसाला ३०० मिलीग्रॅमपर्यंत धरलंय न कपात साधारण ३० ते ६५ असतं, मोजून प्यायला काय हरकत.

खानापूरकडची (धागाकर्ती):
दोघांचे आभार. गूळ शेवटी टाकून बघितला, नाही फाटला! गोळीचं पण पटलं, पण जेवणावरचा चहा तासभर पुढं ढकला हे सासूबाईंना कसं सांगायचं? शेजारच्या कन्नड काकू धणे-जिऱ्याचा कषाय, म्हणजे काढा, करतात, जेवणावर तो चालेल काय, की त्यानं पण गोळी अडते?