गार्डन रेल्वेसाठी (बागेत पळणाऱ्या मॉडेल गाडीसाठी) पॅसेंजर डबे घरी बनवायचेत, स्केल कुठलं धरू आणि बॉडी कशाची करू?

रंकाळाकाठी:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. घरामागं साधारण बावीस बाय बारा फूट मोकळी जागा आहे, तिथं ४५ एमएमचा (दोन रुळांमधलं अंतर) ट्रॅक टाकायला सुरवात केलीय. सेटमधे इंजिन आणि दोन डबे आले पण ते जर्मनीतल्या डोंगरी गाडीचे, आणि मला बागेत आपली गाडी पळवायचीय. डोक्यात महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, जुने निळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातले) डबे, खिडक्यांना गज, दारात दांडे, सगळं व्यवस्थित. आयसीएफ डब्याची बॉडी २१,३३७ एमएम लांब आणि ३,२४५ रुंद असते, इंजिन १:२२.५ स्केलचं (खऱ्याच्या साडेबावीस पट लहान) आहे म्हणून त्यानं भागलं तर एकेक डबा ९४८ एमएम येतोय, म्हणजे तीन फुटाच्या वर, आणि सेटमधलं वळण ६०० एमएम त्रिज्येचं! हे वळणार कसं? दुसरं म्हणजे बॉडी कशाची करू, प्लाय आपल्याकडच्या पावसात टिकणार नाही असं वाटतंय आणि एप्रिलमधलं ऊन पण बघायला पाहिजे. चाकं बाहेरनं मागवायला गेलं तर लई महाग पडायलीत. कुणी स्वतः केलेत का डबे?

मिरज_जंक्शन:
दादा, बॉडीचं नंतर बघू, आधी स्केलचं मिटवा कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतंय. ४५ एमएम ट्रॅकवर १:२२.५ धरायचं कारण म्हणजे मीटरगेज, रुळांमधे १००० एमएम अंतर असलेली लाईन. १००० भागिले २२.५ केलं की ४४.४ येतात, म्हणजे जवळजवळ बरोबर. १९६८ ला एलजीबी ह्या जर्मन मॉडेल कंपनीनं हा प्रकार बाजारात आणला तो युरोपातल्या मीटरगेज गाड्या डोळ्यासमोर ठेवून. आपलं ब्रॉडगेज १६७६ एमएमचं, त्याला त्याच स्केलमधे ७४.५ एमएमचा ट्रॅक लागेल. तुम्ही १:२२.५ चा आयसीएफ डबा ४५ वर ठेवला तर बॉडी १४४ एमएम रुंद आणि चाकं पार आत, समोरनं बघितलं की लगेच खटकतं.

आता माझं म्हणणं ऐका. कोल्हापूरची गाडी म्हणजे फक्त महालक्ष्मी नव्हे. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ला सुरू झाली ती मीटरगेजच होती, संस्थानानं बांधलेली, आणि १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत ऐंशीएक वर्षं ह्या ४८ किलोमीटरवर मीटरगेजच गाड्या धावल्या. म्हणजे तुमच्या हातात जो ट्रॅक आहे त्यावर अगदी मापात बसणारी गाडी तुमच्या गावचीच आहे, मग ती का करू नये? तसे डबे करणारं मला तरी कुणी दिसलेलं नाही आणि ते मनापासून वाईट वाटतं. लालसर तपकिरी रंग, लाकडी झडपांच्या खिडक्या, कमानी छत. आणि एक लक्षात ठेवा, तिसरा वर्ग १९७४ ला बंद झाला, म्हणजे ह्या लाईनीवर मीटरगेज होतं तोवर तिसरा वर्ग होताच. तेव्हा दाराशेजारी तीन उभ्या दांड्यांचा रोमन आकडा आलाच पाहिजे, दुसऱ्या वर्गाच्या दोन दांड्या रंगवू नका.

लांबीचं म्हणाल तर रुंदी-उंची स्केलमधेच ठेवा आणि लांबी कापा, पण कापायची ती खिडक्या कमी करून. समजा आठ खिडक्या असतील तर सहा करा, खिडकी मात्र पूर्ण मापाची. सगळंच आडवं दाबलं तर डबा बुटका दिसतो, दोन खिडक्या कमी असल्या तर कुणी मोजत नाही. ६०० एमएमच्या आसपास बॉडी ठेवली की बागेत छान दिसते.

निळा_डबा:
मिरजवाल्यांचा मुद्दा पटतो, पण माणसाला महालक्ष्मीच पाहिजे असेल तर मन का मोडायचं? १:३२ धरा. बॉडी ६६७ एमएम लांब, १०१ रुंद. ट्रॅक ५२.४ पाहिजे तिथं ४५ आहे, म्हणजे साडेसात एमएम कमी, ते बोगीच्या (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची फिरती चौकट) साईड फ्रेममागं झाकून जातं, बागेत उभं राहून कळत नाही. फक्त इंजिन पण १:३२ च्या आसपासचंच घ्यावं लागेल, तुमच्या आत्ताच्या इंजिनामागं ते डबे लहान दिसतील.

वळणाचं गणित मात्र आधी करा. आयसीएफला दोन बोगींच्या मधलं अंतर १४,७८३ एमएम, १:३२ मधे ४६२. ह्या अंतराचा वर्ग करून त्रिज्येच्या आठपटीनं भागला की डब्याचा मधला भाग वळणाच्या आत किती सरकतो ते येतं. ६०० च्या वळणावर साडेचव्वेचाळीस एमएम, आणि टोकं बाहेर ४८ एमएम, म्हणजे जवळजवळ अर्धा डबा रुळाच्या बाहेर लटकतोय. ११९५ त्रिज्येचं वळण घेतलं तर तेच २२ आणि २४ वर येतं. बारा फूट रुंदी आहे म्हणताय तर ११९५ आरामात बसतंय, सेटमधलं वळण शेडमधल्या सायडिंगला (गाडी उभी करायच्या बाजूच्या रुळाला) वापरा. त्यातही डब्याची अर्धी रुंदी ५० अधिक २४ झाले की नाही, तर ट्रॅकच्या मध्यापासून ९० एमएमच्या आत कुंडी, दगड, प्लॅटफॉर्म काही ठेवू नका. बाजूचे बफर (डब्याच्या टोकाचे धक्का झेलणारे दट्टे) दिसायला झकास असतात पण लहान वळणावर एकमेकांत अडकून डबा उचलतात, म्हणून ते आखूड करा आणि कपलर (डबे जोडायचा हुक) बॉडीला न लावता बोगीला लावा. फक्त मग गाडी मागं ढकलताना हळू, बोगीवरचा कपलर तिरका जोर देतो.

लेथवाला_उद्यमनगर:
स्केल कुठलंही धरा भावा, डबा पळतो तो चाकावर. बॉडी कितीही देखणी केली आणि चाकाचं माप चुकलं तर प्रत्येक पॉईंटवर (रूळ बदलायच्या सांध्यावर) उतरणार.

चाकं बाहेरनं कशाला मागवताय, कोल्हापुरात राहून? उद्यमनगरात लेथवर करून मिळतात. ड्रॉईंग नीट द्या म्हणजे झालं. व्यास ३०-३२ एमएम, दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ४० एमएम, रुळावर टेकणाऱ्या भागाला थोडा टेपर (उतार), आणि फ्लँजच्या (चाकाच्या आतल्या उंच कडेच्या) मुळाशी गोलाई सांगायला विसरू नका, कोपरा काटकोनात सोडला की चाक रुळावर चढतं. रुळात करंट असेल तर एका चाकात डेल्रिनचा (कडक प्लास्टिकचा) बुश घालून इन्सुलेट करायला लागतंय. चाक लोखंडीच ठेवा, प्लास्टिक नको, वजन खाली राहतं आणि ट्रॅकवर काळा थर कमी धरतो. अ‍ॅक्सलबॉक्समधे ३ एमएमच्या शाफ्टला ६२३ नंबरचं बेअरिंग बसतं, जड डबे असले तरी इंजिनला ओढ जाणवत नाही.

दोन्ही बोगी घट्ट बसवू नका. एक फक्त डावी-उजवी फिरली पाहिजे, दुसरी फिरली पण पाहिजे आणि जराशी डुलली पण पाहिजे. बागेतला ट्रॅक पहिल्या पावसानंतर कुठं ना कुठं खचतोच, तिथं चारी अ‍ॅक्सल रुळाला टेकून राहायचे तर हे लागतंच.

बॉडीला साईनबोर्डवाल्यांकडची पीव्हीसी फोमशीट घ्या, ५ एमएम साईडला, पाण्यानं काही होत नाही. खिडक्या सीएनसी राऊटरवर कापून घ्या. लेसरवर पीव्हीसी अजिबात घालू नका, जळताना त्यातनं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू निघतो, माणसाला वाईट आणि मशीन पण गंजतं. लेसरच पाहिजे असेल तर अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या तेवढ्या लेसरवर करा. त्या बसवताना फेविक्विकसारखा गोंद वापरू नका, वाफेनं काच धुरकट होते. बारीक स्क्रू किंवा सिलिकॉन.

कमानी छताला २०० एमएमचा पीव्हीसी पाईप उभा चिरून वापरा. उसाच्या शेतातल्या पाईपलाईनचे तुकडे पडलेले असतात, पातळ भिंतीचा बघून घ्या. १२० एमएम रुंदीवर त्याची कमान वीस एमएम उंच येते, मीटरगेज डब्याला अगदी शोभते. रंग फिका करडाच द्या. काळं छत एप्रिलच्या उन्हात इतकं तापतं की पीव्हीसी नरम पडून मधे बसतं.

आता फ्रेम. स्लायडिंग खिडकीवाल्याकडनं अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल आणा, फ्रेम म्हणून एक नंबर. पण पीव्हीसी अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट फुगतं, ६०० एमएमच्या डब्यात सकाळ-दुपारच्या तीस डिग्री फरकानं एमएमभर तरी पीव्हीसी लांब होतं. म्हणून एका टोकाला स्क्रू घट्ट आणि बाकीची भोकं लांबट ठेवा, वॉशर घालून. नाहीतर साईड फुगून वाकडी होते. तळाला दोन-चार बारीक भोकं पाडा, आत गेलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे.

रंगाला गाड्यांच्या गॅरेजमधनं उरलेला टू-के (हार्डनर मिसळायचा) पेंट मागा, ऊन-पाऊस सोसतो.

रंकाळाकाठी:
मंडळी, मनापासून आभार, एवढं तपशीलात सांगितलंत. मीटरगेजचंच ठरवलं! घरातल्या थोरल्यांना कोल्हापूरची मीटरगेज आठवतीय, त्यांना विचारलं की झडपा कशा होत्या तर तासभर सांगत बसले. आता एकच विचारायचं राहिलं, आत दिवे लावायचेत, ते रुळावरनं करंट घेऊन लावू की बॅटरीवर?

मिरज_जंक्शन:
वा, लई भारी! दिवे बॅटरीवरच लावा. रुळावरनं घेतलं तर चाकाला घासणारे ब्रश लागतात, ते डबा ओढायला जड करतात, आणि बागेत धूळ-माती-पानं असतात त्यामुळं दिवे सारखे लुकलुकतात. शिवाय गाडी थांबली की साध्या कंट्रोलरवर दिवे पण जातात, स्टेशनात अंधारा डबा बरा दिसत नाही.

१८६५० चा एक लिथियम सेल, चार-पाच वॉर्म व्हाईट एलईडी पॅरलल, प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर. थंड पांढरे एलईडी नकोत, त्या काळचा पिवळा बल्ब वाटला पाहिजे. सेल छतात ठेवू नका, तिथंच सगळ्यात जास्त तापतं. खऱ्या डब्यांना पण अ‍ॅक्सलवरच्या पट्ट्यानं फिरणारा डायनॅमो असायचा आणि बॅटरीच्या पेट्या तळाला लटकलेल्या असायच्या, तशीच पेटी तुम्ही तळाला करा, त्यात सेल आणि शेजारी छोटा स्लाईड स्विच. प्रोटेक्शन सर्किटवाला सेल घ्या, पेटी दोन स्क्रूंवर निघेल अशी ठेवा, आणि चार्जिंग सेल काढून घरात सावलीला.