विषय: गुरुदेव रानडे स्मृती शालेय बुद्धिबळ स्पर्धा, बेळगाव

सर्वांना नमस्कार,

यंदा मंडळाच्या निधीतून बेळगावात गुरुदेव रा. द. रानडे यांच्या नावाने शालेय बुद्धिबळ स्पर्धा घ्यावी, असं कार्यकारिणीत ठरलं. ३ जुलैला, त्यांच्या जयंतीला, एका दिवसात नऊ फेऱ्यांची ब्लिट्झ. पाच मिनिटांचे डाव, पहिल्या तिघांना रोख बक्षिसं. बेळगावकरांनी मत कळवावं.

— सचिव

~

सचिवसाहेब, नमस्कार.

नाव वाचून फार आनंद झाला. जमखंडीत जन्मलेला हा माणूस अलाहाबाद विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि शेवटी निंबाळच्या आश्रमात येऊन राहिला. ज्ञानेश्वर-तुकारामांवर लिहिलं, तसं कन्नड संतांवरही. म्हणून पत्रक दोन्ही भाषांत काढा आणि कन्नड शाळांनाही पाठवा. आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं.

पण ब्लिट्झ नको. शहरातली क्लासची पोरं घड्याळाला सरावलेली असतात. खानापूर, नंदगडकडची शाळेच्या व्हरांड्यात घड्याळाशिवाय खेळतात. ती वजीर जास्त असूनही वेळ संपून हरतील. प्रत्येकाला ४५ मिनिटं आणि दर खेळीला वाढीव १५ सेकंद द्या. साठ खेळ्यांना तास भरतो, म्हणजे तो पूर्ण वेळेचा डाव धरला जातो आणि घड्याळात शेवटची पाच मिनिटं उरेपर्यंत प्रत्येक खेळी लिहावी लागते. डाव संपल्यावर दोघं तो कागद घेऊन बसतात, उंट कुठे अडकला ते शोधतात. खरं शिकणं तिथे होतं. ज्याने आयुष्य नामस्मरणात आणि चिंतनात घालवलं, त्याच्या नावाने मुलं घड्याळ बडवताना मला बघवणार नाहीत.

फेऱ्या स्विस पद्धतीने घ्या. पहिला डाव हरलेला मुलगा बाहेर जात नाही, पुढे त्याच्याइतकेच गुण असलेल्याशी खेळतो.

तारीखही बदला. जुलैत खानापूरच्या जंगलपट्टीत पाऊस असा कोसळतो की बसचा भरवसा नसतो. ६ जून ही पुण्यतिथी. शाळा तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, गुरुजींना सांगून नावं गोळा करता येतील.

रोख बक्षिसांच्या पैशातून पट आणि घड्याळं घ्या, ती नंतर शाळांकडेच राहू देत. बसभाडं आणि दुपारचं जेवणही मंडळाने द्यावं.

— टिळकवाडीहून, एक निवृत्त शिक्षिका

~

बाई, पटलं. पण पाच फेऱ्या म्हटल्या तरी दोन दिवस लागतील. खेड्यातल्या मुलांची रात्रीची सोय कुठे करायची?

— सचिव

~

मुक्काम ठेवूच नका. मुलींना पालक पाठवणार नाहीत, आणि मला मुली हव्यात. ६ जूनच्या जवळचे दोन लागोपाठ रविवार धरा: पहिल्या रविवारी तीन फेऱ्या, दुसऱ्या रविवारी दोन. संध्याकाळच्या बसने सगळी घरी पोचतील. मधल्या आठवड्यात आपापले कागद घेऊन बसतील, हा आणखी फायदा.

कन्नड मजकूर मी लिहून देते, शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडून तपासून घेते. घड्याळांचं मात्र मे महिन्यातच बघा. मुलांच्या हातात ती आधी पडली पाहिजेत.