उत्तर: ५ व्होल्ट दिसले म्हणजे कॉम्प्युटर जोडला असं नाही

मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यात सुरांचे संदेश पाठवायची पद्धत) यंत्राने कॉम्प्युटर जोडलाय हे कसं ओळखायचं, या प्रश्नावर कोणीतरी सल्ला दिलाय: यूएसबीच्या पिनवर ५ व्होल्ट आले की कॉम्प्युटर जोडला असं धरा आणि संदेश फक्त यूएसबीवर पाठवा. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. मोबाइलचा चार्जर आणि पॉवर बँकही तेवढेच व्होल्ट देतात. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, सुटे भाग आणून मी मिडी फूट-पेडल (पायाने दाबून संदेश पाठवायचं यंत्र) बनवलं, त्यात हीच चूक केली होती. सदाशिव पेठेतल्या एका कार्यक्रमात ते पॉवर बँकवर लावलं, तर पेडलला वाटलं लॅपटॉपच आहे. म्हणून त्याने ५ पिनच्या मिडी आउटवर (वाद्याला थेट जोडायच्या जुन्या गोल सॉकेटवर) काही पाठवलंच नाही. वादक बिचारा ताटकळला.

खरी खूण म्हणजे होस्टने (म्हणजे कॉम्प्युटरने) डिव्हाइसला (म्हणजे आपल्या यंत्राला) पत्ता देऊन कॉन्फिगर करणं, म्हणजे वापरासाठी तयार करणं. चार्जर हे कधीच करत नाही. टायनीयूएसबी (यंत्रातल्या चिपसाठीची तयार यूएसबी कोड-लायब्ररी) वापरत असाल तर त्यातलं ‘माउंटेड’ फंक्शन नेमकं हेच सांगतं.

लॅपटॉप झोपला की दर मिलिसेकंदाला येणारे फ्रेमचे संकेत थांबतात आणि ३ मिलिसेकंद शांतता राहिली की डिव्हाइस सस्पेंड होतं, म्हणजे तेही झोपतं. स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला केबल काढली तरी असंच दिसू शकतं, म्हणून तिथे मात्र ५ व्होल्टची पिन जरूर तपासा.

आणि कृपा करून मिडी आउट कधीच पूर्ण बंद करू नका. यूएसबी आणि मिडी आउट, दोन्हीकडे पाठवत राहा.