संपत्ती कर: गोची दरात नाही
‘अतिश्रीमंतांवर २ टक्के संपत्ती कर (कर्ज वजा जाता एकूण संपत्तीवर दरवर्षीचा कर) लावा, शाळा-दवाखान्यांचा पैसा उभा राहील’ यामागचा हेतू पटतो, पण गोची दरात नाही, सवलतींत आहे. १९९० मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या १२ देशांत हा कर होता, २०१७ मध्ये चारच उरले. शेतजमीन वगळा, धंद्यातला हिस्सा वगळा, असं करत गेलं की पैसा नेमका तिकडेच सरकतो आणि कर भरतो घर-ठेवीवाला मध्यमवर्ग.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र याच करातून जीडीपीच्या सुमारे १ टक्का मिळतो, कारण करमुक्त मर्यादा कमी आणि सवलती मोजक्या. (तिथे सामान्य गुंतवणूकदाराला शेअर विकून झालेल्या नफ्यावर सहसा कर नाही, हे समर्थक सोयीस्कर विसरतात.) शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांचं मूल्यांकन ही आणखी एक डोकेदुखी: बाजारभावच नसतो, म्हणून ताळेबंदातला आकडा धरला तर तो बऱ्याचदा खऱ्या किमतीपेक्षा खूप कमी भरतो.