फ्लॉपी ड्राइव्ह बंद, डिस्क वीस एमबीची : जुन्या एक्सटीतून खाती बाहेर कशी काढू?

गूळमार्केटवाला

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमची गुळाची अडत होती. १९८८ च्या आसपास काकांनी एक्सटी (आयबीएम पीसीच्या जुन्या पिढीतला) कॉम्प्युटर घेतला आणि तेव्हापासून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशोब), उचल, हमाली, तोलाई सगळं त्यातच. दुकान बंद झालं तसं मशीन माळ्यावर गेलं. आता काकांना ती खाती परत बघायची आहेत. कुठल्या गावचा गूळ कुणाकडून यायचा, कुठल्या हंगामात काय भाव फुटला, हे सगळं त्यात आहे. कागदी वह्या २०१९ च्या पुरात गेल्या.

काल धूळ झाडून चालू केलं. हिरवा पडदा, तारीख विचारतो, १-१-१९८० दाखवतो आणि चक्क सी प्रॉम्प्ट येतो. डिरेक्टरीत डीबीएफ (डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमच्या) फाइली दिसतात. पण सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह एकही डिस्क वाचत नाही. हार्ड डिस्कवर सीगेट एसटी-२२५ असं लेबल आहे. डिस्क काढून लॅपटॉपला जोडता येईल का? की दुसरा काही मार्ग आहे?

आठवी_गल्ली

भावा, एवढं काय त्यात. डिस्क काढ, बाजारात यूएसबीचं अडॅप्टर मिळतंय, लाव आणि कॉपी मार. माझ्या जुन्या पेंटियमचं मी असंच केलं.

उद्यमनगर_सर्व्हिस

थांबा. डिस्कला हात लावू नका. पेंटियमची डिस्क आयडीई होती, तिला ते अडॅप्टर चालतं. एसटी-२२५ ही एमएफएम, म्हणजे त्याआधीच्या पद्धतीची, डिस्क आहे. तिला दोन वायरपट्ट्या लागतात, एक चौतीस वायरची, एक वीस वायरची, आणि त्या दोन्ही स्लॉटमधल्या कंट्रोलर कार्डाला जातात. आयडीईत कंट्रोलर डिस्कवरच बसलेला असतो, इथं तो बाहेर आहे. शिवाय ज्या कार्डावर ती फॉरमॅट झाली त्याच कार्डावर ती भरवशानं वाचली जाते. जोडी फोडली की डेटा गेला असं समजा.

मी १९८६ पासून उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावला मशीनं दुरुस्त करत फिरलोय. एसटी-२२५ भरपूर हाताळल्या. तिच्यात हेड (डिस्क वाचणारा भाग) सरकवायला स्टेपर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी) मोटर असते. डिस्क थंड असताना आणि तापल्यावर हेड नेमकं एकाच जागी पडत नाही, थोडा फरक राहतो. म्हणून चालू केल्यावर अर्धा तास नुसतं राहू द्या, मग वाचा. आणि ही डिस्क बंद होताना हेड आपोआप पार्क करत नाही, म्हणजे सुरक्षित जागी नेत नाही. डिरेक्टरीत पार्क नावाचा प्रोग्रॅम असेल तर तो चालवल्याशिवाय मशीन जागचं हलवू नका. माळ्यावरून खाली आणताना जे झालं नाही ते आता टेबलावरून ढकलताना होऊ शकतं.

आता डेटा काढायचं. त्यासाठी तुम्हाला फ्लॉपी लागत नाही, यूएसबी लागत नाही, एक्सटीवर नवीन प्रोग्रॅमही घालावा लागत नाही. मागे पंचवीस पिनांचा मेल पोर्ट असेल, म्हणजे पिना बाहेर आलेला. तो सीरियल पोर्ट. पंचवीस भोकांचा जो फीमेल आहे तो प्रिंटरचा, त्यात चुकूनही घालू नका. सीरियलमधून वायर काढायची, लॅपटॉपला यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावायचं आणि डॉसच्या (त्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) स्वतःच्या कॉपी कमांडनं फाइल वायरवर सोडायची.

वायर घरीच करा. तीनच धागे. पंचवीस पिनांच्या पोर्टात २ नंबरवरून डेटा बाहेर जातो आणि ३ वर आत येतो. नऊ पिनांच्या पोर्टात उलटं आहे, २ वर आत येतो, ३ वरून बाहेर जातो. त्यामुळे २ ला २ आणि ३ ला ३ सरळ जोडलं की आपोआप उलटापालट होते. अर्थिंगचा धागा मात्र इकडे ७, तिकडे ५.

मग एक्सटीवर मोड कमांडनं कॉम-वन (तोच सीरियल पोर्ट) ९६०० बॉडवर (बॉड हे वेगाचं माप) लावा, पॅरिटी नाही, आठ डेटा बिट, एक स्टॉप बिट. लॅपटॉपवर टेराटर्म (सीरियलवरून येणारा डेटा पकडणारा प्रोग्रॅम) याच मापावर, लॉग बायनरी प्रकारात चालू करा, आणि फ्लो कंट्रोल (थांब-चालू सांगणारी व्यवस्था) पूर्ण बंद. त्यातलं एक्सऑन-एक्सऑफ चालू राहिलं तर १७ आणि १९ हे दोन बाइट वाटेतच गिळले जातात. तुमच्या आकड्यांच्या फाइलीत ते असणारच.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कॉपी करताना फाइलच्या नावापुढे स्लॅश बी द्यायचंच. ते नसेल तर डॉस २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असं समजून थांबतो. डीबीएफ फाइलचा पहिला बाइट तिचा प्रकार सांगतो, पुढचे तीन शेवटच्या दुरुस्तीचं वर्ष, महिना आणि दिवस. म्हणजे जी फाइल काकांनी २६ तारखेला शेवटची उघडून बदलली असेल, ती चौथ्या बाइटलाच तुटणार.

गूळमार्केटवाला

सर, तुमचे उपकार. वायर केली. पण कॉपी दिल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग कॉम-वनवर राइट फॉल्ट एरर येतो. अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर विचारतो. रिट्राय दाबून परत तेच. पोर्टच गेलाय का?

उद्यमनगर_सर्व्हिस

पोर्ट चांगला आहे. एक्सटीचा बायोस (मशीनमधला मूळ प्रोग्रॅम) बाइट पाठवण्याआधी समोरचा तयार आहे का ते बघतो. त्यासाठी दोन सिग्नल लागतात, पिन ५ आणि पिन ६. तुमच्या तीन धाग्यांच्या वायरीत ते येतच नाहीत, म्हणून तो वाट बघून थकतो. एक्सटीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये ४ आणि ५ एकमेकांना शॉर्ट करा, आणि ६, ८, २० हे तिन्ही एकत्र शॉर्ट करा. मग मशीनचा स्वतःचाच होकार त्याला परत मिळतो.

हेच काम आम्ही उद्यमनगरात सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनवर केलंय. पूर्वी लेथचे प्रोग्रॅम कागदी टेपवर भोकं पाडून यायचे, नंतर तेच पीसीवरून अशाच वायरीनं मशीनच्या कंट्रोलला जायला लागले. शॉपमध्ये वेल्डिंग चालू असलं की वायरीत खडा पडायचा, म्हणून शिल्डवाली वायर आणि एकाच टोकाला अर्थिंग. तुमच्या घरात दोन मीटरच्या वायरीत तो प्रश्न नाही.

वेग सांगून ठेवतो, म्हणजे जीव घाबरा होणार नाही. एका बाइटमागे आठ बिट डेटाचे, एक स्टार्ट, एक स्टॉप, असे दहा बिट जातात. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. एका भरलेल्या ३६० केबी फ्लॉपीएवढा डेटा साडेसहा मिनिटांत. पूर्ण वीस एमबी काढायचं म्हटलं तर सहा तास. मधे वीज गेली तर हेड उघड्यावर थांबणार, म्हणून यूपीएसवर करा. आणि आधी खात्यांच्या फाइली, मग बाकीचं. अशी डिस्क किती दिवस साथ देईल हे कुणी सांगू शकत नाही.

आज हे सावकाश वाटेल. नव्वदीच्या सुरुवातीला एका कारखान्याचा रोजचा हिशोब मी १२०० बॉडच्या मोडेमवरून मुंबईला पाठवत असे, रात्री उशिरा, एसटीडीचा दर उतरला की. एक्समोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीनं १२८ बाइटचा एकेक ठोकळा जायचा, मागे एक बाइटची बेरीज. बेरीज जुळली नाही की तोच ठोकळा परत. पावसाळ्यात लाइनीवर खरखर असली की एकच ठोकळा पुन्हा पुन्हा जात राहायचा आणि मीटर पळत असायचा. तरी सकाळी मुंबईत आकडे पोचलेले असायचे. त्याआधी फ्लॉपी पाकिटात घालून एसटी बसनं पाठवायची आणि दुपारी फोन यायचा की वाचली जात नाही.

तुमच्या कॉपी कमांडमध्ये ती बेरीज नाही, हे लक्षात ठेवा. चुकलं तर कुणी सांगणार नाही. म्हणून प्रत्येक फाइल उतरली की तपासायची. डीबीएफ स्वतःच आपला हिशोब जवळ ठेवते, तो बघा. सुरुवातीच्या बाइटना शून्यापासून नंबर द्या. ४ ते ७ मध्ये किती नोंदी, ८-९ मध्ये मथळा (नोंदींआधीचा माहितीचा भाग) किती लांब, १०-११ मध्ये एक नोंद किती लांब. लहान किमतीचा बाइट आधी येतो.

गूळमार्केटवाला

सर, शॉर्ट केलं आणि चालू झालं! पट्ट्यांची फाइल सात मिनिटांत आली. तुम्ही सांगितलं तसं बघितलं : ४ पासून ११४, १६, ०, ०. म्हणजे १६ गुणिले २५६ अधिक ११४, एकूण ४२१० नोंदी. मथळा १६१ आणि १, म्हणजे ४१७. नोंद ९६ बाइटची. ४२१० गुणिले ९६ अधिक ४१७ केलं तर ४,०४,५७७ येतात. फाइल मात्र ४,०४,५७८ बाइटची आहे. एक जास्त का?

आणि दुसरं, लिबरऑफिसमध्ये उघडली तर रक्कम, वजन, तारीख सगळं नीट दिसतंय, पण नावाच्या आणि गावाच्या रकान्यात उभ्या-आडव्या रेषांचे तुकडे आहेत. ते बिघडलं का?

उद्यमनगर_सर्व्हिस

तो जास्तीचा एक म्हणजे शेवटचा २६, फाइल संपल्याची खूण. आकडा तंतोतंत जुळला. फाइल पूर्ण आली आहे. ज्या नोंदीच्या सुरुवातीला मोकळ्या जागेऐवजी तारा (*) असेल ती काकांनी पुसलेली नोंद, पण ती अजून आत आहे. तीसुद्धा ठेवा, टाकू नका.

रेषांचं उत्तर खाली कुणीतरी देईल. एवढं सांगा, मशीनमध्ये जिस्टचं कार्ड होतं का?

वडणग्याची_पोर

मी देते. रेषा दिसतात म्हणजे बिघडलेलं नाही, उलट चांगली खूण आहे. जिस्ट कार्डाचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते घराघरांत नेलं. कार्ड लावलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची, डीबेस असो की आणखी काही. अक्षरं साठायची इस्की या सांकेतिक मांडणीत, १२८ च्या वरच्या आकड्यांत. तुमच्या लॅपटॉपला ते माहीत नाही, तो त्याच आकड्यांची पीसीची जुनी चिन्हं दाखवतो, आणि तिथं चौकटीच्या रेषा आहेत.

तपासून बघा. कागलचा शेतकरी नक्की असेल. इस्कीत क म्हणजे १७९, काना २१८, ग १८१, ल २०९. पीसीच्या चिन्हांत १७९ म्हणजे एक उभी रेघ आणि २१८ म्हणजे चौकटीचा वरचा डावा कोपरा. गावाच्या रकान्यात उभी रेघ आणि मग कोपरा असा जोड सारखा येत असेल तर ती सरळ इस्की आहे. तसं नसेल तर इथं लिहा. या रेषांशी टक्कर होऊ नये म्हणून पीसीसाठी इस्कीची वेगळी मांडणीही होती, तिचा तक्ता वेगळा लागतो.

सरळ असेल तर काम सोपं आहे. युनिकोडची (आजच्या कॉम्प्युटरांच्या अक्षर-मांडणीची) देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवरून घेतलेली आहे, अक्षरांचा क्रम उच्चाराप्रमाणेच, जोडाक्षरात मधे हलन्त (इस्कीत २३२). विंडोजमध्ये त्यासाठी ५७००२ नंबरचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) आहे. फक्त नाव आणि गाव हे दोन रकाने त्यातून काढा, अख्खी फाइल काढू नका, नाहीतर मथळ्यातले आकडेही बदलतील. आणि मूळ फाइलची एक प्रत न उघडता वेगळी ठेवा.

गूळमार्केटवाला

उभी रेघ आणि कोपरा, दोन्ही आहेत, खूप ठिकाणी आहेत. कार्डाबद्दल काकांना विचारलं, ते म्हणाले मराठीसाठी वेगळे पैसे मोजले होते. आता उचलीची फाइल लावली आहे, ती मोठी आहे, यूपीएसवर चालू आहे.