ईआरसीपीत पित्तनळीत शिरताच आलं नाही; आता परत तेच का?

सायली_क:
आईला (वय 68) कावीळ झाली आहे, एमआरसीपीत (पित्तनळीच्या एमआरआय तपासणीत) पित्तनळीत खडा दिसला. काल ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीत शिरायची प्रक्रिया) केली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "नळीत शिरता आलं नाही. नळीच्या तोंडाशी छेद देऊन ठेवलाय, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघू." ताप नाही, पोट थोडं दुखतंय. एकदा जमलं नाही ते लगेच परत कसं जमणार? की दुसरीकडे हलवू?

वायरवाली:
सायलीताई, मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे. डॉक्टर दुर्बीण सांभाळतात, वायर (नळीत वाट काढणारी बारीक तार) आत-बाहेर करायचं काम माझं, त्यामुळे हा प्रकार रोजच्या ओळखीचा.

पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांत लहान आतड्यातल्या एकाच बारीक उंचवट्यावर उघडतात, त्याला पॅपिला म्हणतात. पित्ताची वाट वर, घड्याळात अकरा वाजतात त्या बाजूला वळते. स्वादुपिंडाची जवळजवळ सरळ, म्हणून वायर हमखास तिकडेच घुसते. वयस्कर माणसांत शेजारी डायव्हर्टिक्युलम, म्हणजे आतड्याच्या भिंतीची पिशवी असली तर पॅपिला भलतीकडेच तोंड करून बसलेली असते. आम्ही आधी तिला शोधतो, मग बाकीचं!

युरोपियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोइंटेस्टायनल एंडोस्कोपीनं 2016 मध्ये 'अवघड' कशाला म्हणायचं ते ठरवून दिलंय: पॅपिलाला 5 पेक्षा जास्त वेळा स्पर्श, 5 मिनिटांहून जास्त प्रयत्न, किंवा नको असताना एकापेक्षा जास्त वेळा स्वादुपिंडाच्या नळीत जाणं. तिथून पुढे तेच तेच टोचत राहिलं की स्वादुपिंडाला सूज यायचा धोका वाढतो. वायर तिकडे गेलीच असेल तर कित्येकदा ती तशीच ठेवून शेजारून दुसरी वायर पित्तनळीत घालतात. तेही नाही जमलं तर सुईसारख्या चाकूनं पॅपिलाला वरून छेद, म्हणजे प्रीकट. तुमच्या आईचं तेच झालेलं दिसतंय. छेदानंतर तिथे सूज आणि रक्त येतं, भोक दिसत नाही. दोन-चार दिवसांत सूज उतरली की कापलेल्या जागी पित्त झिरपताना दिसतं, वाट आपोआप कळते. वेळेवर हात आवरणारे डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचे वाटतात.

पित्तवैद्य:
वरचं बरोबर आहे. प्रीकटनंतर दुसऱ्या खेपेला बऱ्याच जणांत आत जाता येतं. तेव्हाही नाही जमलं तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडनं (टोकाला सोनोग्राफी असलेल्या दुर्बिणीनं) पोटातून पित्तनळीत सुई घालून वायर खाली आतड्यात उतरवतात आणि ती धरून वर जातात, याला रांदेव्हू म्हणतात. नाहीतर यकृतातून, त्वचेवाटे नळी टाकून पित्त बाहेर काढता येतं. दुसरीकडे हलवायचंच असेल तर या दोन्ही सोयी तिथे आहेत का ते आधी विचारा.

सायली_क:
बरं वाटलं वाचून. पोटदुखीचं काय करू?

वायरवाली:
ती आत्ताच वॉर्डात सांगा. ईआरसीपीनंतर दुखणं वाढत असेल तर रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंड सुजलं की वाढणारी पाचक द्रव्यं) तपासतात. स्वादुपिंडाची सूज टाळायला गुदद्वारातून इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी दिली होती का, तेही विचारा. आणि थंडी वाजून ताप आला तर दोन-तीन दिवसांचा हिशोब सोडा, रात्र असली तरी डॉक्टरांना बोलवा. अडलेल्या पित्तात जंतू वाढले तर वाट त्याच दिवशी मोकळी करावी लागू शकते.