विषय: उन्हाळी इंटर्नशिपला पुतण्या येतोय, आधी काय काय बघून ठेवू?

प्रेषक: र. कु., एडिसन

नमस्कार मंडळी,

आमच्या दिरांचा मुलगा डॅलसला एमएस करतोय, एफ-1 विद्यार्थी व्हिसावर. जूनपासून दहा आठवडे लोअर मॅनहॅटनमध्ये इंटर्नशिप आहे आणि राहणार आमच्याकडे, न्यू जर्सीत. आठवड्यातले चार दिवस ऑफिसला जायचंय, जवळचं स्टेशन मेट्रोपार्क. बेसमेंटमधली खोली त्याला देतोय. अधूनमधून गाडी लागेल म्हणतो. कागदपत्रं, ट्रेन, घरातलं, जे सुचेल ते कळवा.

---

प्रेषक: अ. दे., मेट्यूचेन

वहिनी, कागदांपासून सुरुवात करते, कारण घरच्या माणसांकडे राहायचंय म्हटलं की मुलं तिकडेच ढिलाई करतात.

नव्या आय-20च्या (युनिव्हर्सिटी देते तो विद्यार्थी-व्हिसाचा कागद) दुसऱ्या पानावर सीपीटीची, म्हणजे शिकता शिकता काम करायच्या परवानगीची, नोंद असते: कंपनीचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख. त्या तारखेच्या एक दिवसही आधी काम नको, ट्रेनिंगच्या नावाखालीही नको. कंपनीने ‘जरा लवकर ये’ म्हटलं तर आधी युनिव्हर्सिटीच्या डीएसओकडून (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा अधिकारी) सुधारित आय-20, मग होकार. तुमच्याकडे आल्यावर दहा दिवसांत नवा पत्ता डीएसओला कळवायचा. घर काकांचं असलं तरी पत्ता बदललेलाच असतो.

सोशल सिक्युरिटी नंबर अजून नसेल तर काम सुरू होण्याच्या 30 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. पासपोर्ट, आय-94 (अमेरिकेत आल्याची नोंद) आणि सीपीटीची नोंद व डीएसओची सही असलेला आय-20 बरोबर न्यावा. कार्ड टपालाने येतं, म्हणून तुमच्या पोस्टाच्या पेटीवर त्याचं आडनाव चिकटवा. तुमचं आणि त्याचं आडनाव एकच असेल तर प्रश्नच नाही.

आता पगार. पहिली पे-स्लिप हातात आली की कपातीच्या दोन ओळी बघायच्या: सोशल सिक्युरिटी (पेन्शनसाठी) 6.2 टक्के आणि मेडिकेअर (वृद्धांच्या आरोग्य विम्यासाठी) 1.45 टक्के. एफ-1वरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी नॉनरेसिडेंट धरला जातो, त्याला हे दोन्ही लागू नाहीत. पण पेरोलचं सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच साच्यात बसवतं आणि कापून मोकळं होतं. तासाला 30 डॉलर आणि 40 तासांचा आठवडा धरला तर आठवड्याला 91 डॉलर 80 सेंट, दहा आठवड्यांत 918 डॉलर. लगेच एचआरला लिहिलं तर पुढच्या पगारात दुरुस्त होतं. तसंच राहिलं तरी आधी कंपनीकडेच परत मागायचे. त्यांनी नाही म्हटलं तरच आयआरएसकडे, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडे, परताव्यासाठी फॉर्म 843, सोबत 8316.

डब्ल्यू-4 (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) भरताना ‘सिंगल’ निवडायचं आणि चौथ्या पायरीखालच्या मोकळ्या जागेत ‘एनआरए’ (नॉनरेसिडेंट एलियन) लिहायचं. आणखी एक चूक नेहमी होते. ऑफिस मॅनहॅटनमध्ये आहे म्हणून न्यूयॉर्कच्या फॉर्मवर शहराचा रहिवासी अशी खूण केली जाते. न्यूयॉर्क राज्याचा कर कापला जाणारच, पण शहराचा कर फक्त शहरात राहणाऱ्यांना आहे, आणि तो तीन टक्क्यांच्या वर जातो. एडिसनमध्ये राहणाऱ्याने तो भरायचं कारण नाही.

---

प्रेषक: वि. पा., आयसेलिन

ट्रेनचं मी सांगतो. ऑफिस लोअर मॅनहॅटनमध्ये असेल तर न्यूयॉर्क पेन स्टेशनपर्यंतचा पास काढू नका. मेट्रोपार्क ते नुअर्क पेन एनजे ट्रान्झिट (न्यू जर्सीची रेल्वे), तिथून पाथने (न्यू जर्सी ते मॅनहॅटन जाणारी वेगळी लोकल) थेट वर्ल्ड ट्रेड सेंटर. पास स्वस्त पडतो आणि पुढचा सबवेही वाचतो. मात्र एनजे ट्रान्झिटचा पास पाथला चालत नाही. तिथे बँकेचं कार्ड टॅप करायचं, भाडं वेगळं. पाथ आणि सबवे यांच्यातही फुकट बदली नाही.

मासिक पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो. काम महिन्याच्या मध्यावर सुरू होत असेल तर जूनमध्ये साप्ताहिक घ्या, तो शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. चारच दिवस जायचं असलं तर मासिकाच्या किमतीला एकेरी तिकिटाच्या किमतीने भागा. जो आकडा येईल त्याहून कमी फेऱ्या होणार असतील तर सुटी तिकिटंच परवडतात. जुलैत चार तारखेची सुट्टीही धरा.

ॲपमधलं तिकीट चढण्याआधी ‘ॲक्टिव्हेट’ करायचं. गाडीत कंडक्टरकडून घेतलं तर वर पाच डॉलर जातात.

कडक उन्हात ओव्हरहेड वायरी सैल पडतात, त्या दिवशी गाड्या हळू धावतात किंवा रद्द होतात. नुअर्कहून पाथने जाणाऱ्याला न्यूयॉर्क पेनकडे जाणाऱ्या नदीखालच्या बोगद्याच्या खोळंब्याचा त्रास कमी, हा आणखी एक फायदा. पण मेट्रोपार्क ते नुअर्क तीच वायर आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज एक गाडी आधीची पकडू द्या.

---

प्रेषक: सु. ना., एडिसन

काकू, बेसमेंटचं आधी बघा. झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवी, आणि धुराचा व कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजवून बघा. जूनपासून तळघरात दमट होतं, कपड्यांना आणि पुस्तकांना वास धरतो. डीह्युमिडिफायर 50 टक्क्यांच्या खाली लावा. बादली रोज ओतायला विसरलं की मशीन गुपचूप बंद पडतं, म्हणून जमलं तर पाइप थेट ड्रेनला जोडा.

डबा: पोळी-भाजी, उसळ, थालीपीठ चांगलं. दहीभात द्यायचा तर बर्फाचं पाकीट हवंच. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि पारा 90 फॅरनहाइटच्या वर गेला की एकच तास. सुकट, बोंबील रविवारी घरीच, ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये नको.

गाडीची किल्ली देण्याआधी इन्शुरन्स कंपनीला फोन करून त्याचं नाव पॉलिसीत घाला. एखाद्या दिवशी गाडी नेणारा पाहुणा वेगळा आणि दहा आठवडे घरात राहणारा माणूस वेगळा, क्लेमच्या वेळी नेमकं हेच विचारतात. आणि युनिव्हर्सिटीचा आरोग्य विमा न्यू जर्सीत कुठल्या अर्जंट केअरला चालतो, ते ताप येण्याआधी बघू द्या.

भाडं तुम्ही घेणार नाही, तो देऊ म्हणेल, दोघं अवघडाल. आल्याबरोबर बोलून टाका: शनिवारी ओक ट्री रोडवरचा किराणा त्याचा, बुधवारचा स्वयंपाक त्याचा, रात्री जेवायला नसेल तर चारच्या आत निरोप. कामं ठरलेली असली की मुलगा घरात मोकळेपणाने वावरतो. घरातल्या मुलांना तो सांभाळेल असं गृहीत धरू नका, त्याला विचारून मगच.

---

प्रेषक: र. कु., एडिसन

मनापासून आभार. लॉन कापायला तो आत्ताच तयार आहे. काही काळजी घ्यायची?

---

प्रेषक: सु. ना., एडिसन

गोचिडांची. मे ते जुलैत त्यांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावलेलं कळतही नाही, आणि लाइम आजार जास्त करून त्यांच्यामुळेच होतो. झाडीच्या कडेचं गवत कापताना पँट मोज्यात खोचावी. आत आल्यावर कपडे न धुता आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं. मग अंघोळ, आणि काखा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, केसांत बघायचं. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी काही नको. 24 तासांच्या आत निघाली तर लाइमचा धोका फार कमी. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिनाभरात ताप आला किंवा लाल चट्टा पसरला तर डॉक्टरांना ती तारीख सांगायची.